गोठ्यातले प्रश्न : सुई लागू का पडत नाही?

या वेळच्या पत्रांत अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविकं, हाच विषय वरचेवर आला आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. औषधांची नावं आणि मात्रा समजून घेण्यासाठी आहेत. त्या वाचून स्वतः सुई टोचू नये.

प्रश्न : माझ्याकडे चार संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत. आधी कासेला सूज आली की तीन सुयांत दूध साफ व्हायचं. आता पाच-सहा देऊनही दुधात गाठी येतात, सड दगडासारखा राहतो. याहून पावरचं इंजेक्शन कोणतं? — एक पशुपालक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : पावर हा शब्द आधी बाजूला ठेवू. अँटिबायोटिक त्या जंतूवर चालतं किंवा चालत नाही. मेडिकलवर ज्याला पावरचं म्हणतात ते बहुतेक वेळा नुसतं नवं किंवा महाग असतं. सेफ्ट्रायाक्सोन, एन्रोफ्लॉक्सासिन यांच्या गटातली औषधं माणसाच्या दवाखान्यात गंभीर आजारासाठी राखून ठेवावी लागतात. कासदाहात पहिल्याच दिवशी त्यांना हात घालणं बरोबर नाही.

तुमच्या गोठ्यात दोन गोष्टी घडलेल्या असू शकतात. एक म्हणजे रेझिस्टन्स. कासेतल्या असंख्य जंतूंत काही मोजके असे असतात की त्यांच्यावर ते औषध चालतच नाही. काही जंतू तर पेनिसिलीन तोडून टाकणारं एन्झाइमच तयार करतात. औषध दिलं की बाकीचे मरतात आणि मोकळ्या जागेत हे वाढतात. हा गुण ज्या जनुकात असतो, त्याचा तुकडा एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. ‘गाईला औषधाची सवय झाली’ असं लोक म्हणतात, पण सवय गाईला होत नाही, बदलतात ते जंतू. म्हणून कधीही सुई न टोचलेल्या कालवडीतही तेच औषध फेल जाऊ शकतं. जंतू तिला गोठ्यातूनच मिळालेले असतात.

दुसरी गोष्ट स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूची. तो कासेत खोलवर गाठी करून बसतो आणि पेशींच्या आतही शिरतो. तिथे औषध पुरेसं पोचत नाही. प्रयोगशाळेच्या काचेच्या ताटलीत औषध चालतं आणि गाईत चालत नाही, त्याचं हे नेहमीचं कारण. सड अनेक महिने दगडी राहिला असेल, दर दोन-तीन आठवड्यांनी गाठी परत येत असतील, तर पुन्हा पुन्हा सुया देण्यात पैसा घालू नका. तो सड बंद करायचा की गाय कळपातून काढायची, हे डॉक्टरांशी बसून ठरवा. ऐकायला कठोर वाटेल, पण तीच गाय बाकीच्या तिघींना रोग देत असते.

तेव्हा पुढची सुई देण्याआधी दुधाची तपासणी करा. उदगीर आणि परभणी इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नमुना कुठे पाठवायचा ते तुमच्या दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी सांगतील. नमुना घेताना चुकलं तर अहवाल शेणातल्या जंतूंचा येतो, म्हणून क्रम पाळा. निर्जंतुक बाटली दवाखान्यातूनच घ्या. घरची धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. सड धुऊन पूर्ण कोरडा करा. पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या. स्पिरिटच्या बोळ्याने सडाचं टोक बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसा आणि वाळू द्या. बाटली तिरकी धरा, झाकण हातातच उलटं धरा, 5 ते 10 मिली दूध घ्या. बाटलीवर गाईचा टॅग नंबर आणि सड लिहा: पुढचा डावा, मागचा उजवा असं. बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी, फार तर 24 तासांत पोचवा. हे सगळं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी करायचं. सुई दिल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू उगवत नाहीत आणि ‘काही सापडलं नाही’ असा दिशाभूल करणारा कागद हातात येतो. गाय तापाने फणफणली असेल तर अहवालाची वाट पाहत बसू नका: नमुना घ्या आणि डॉक्टरांकडून लगेच उपचार सुरू करा, अहवाल आल्यावर गरज पडली तर ते औषध बदलतील.

अहवालात औषधापुढे ‘एस’ असेल तर ते चालतं, ‘आर’ असेल तर जंतू दाद देत नाही, ‘आय’ म्हणजे मधलं. काही अहवालांत वर्तुळाचे, म्हणजे ताटलीत औषधाभोवती जंतू न उगवलेल्या जागेचे, मिलिमीटरही लिहिलेले असतात. ज्याचं वर्तुळ मोठं ते औषध भारी, असा अर्थ काढू नका. प्रत्येक औषधाचं मोजमाप वेगळं असतं. एकाचं 18 मिमी चांगलं असू शकतं आणि दुसऱ्याचं 18 मिमी निकामी.

एवढं करूनही धार काढायची पद्धत तीच राहिली तर सहा महिन्यांत पुन्हा तिथेच याल. निरोगी गाई आधी पिळा, दुखऱ्या कासेची शेवटी. सगळ्या गाईंना एकच फडकं फिरवू नका. रोज पहिल्या दोन धारा काळ्या ताटलीवर घ्या. गाठ, पाणी, रक्ताचा धागा लगेच दिसतो. पिळून झाल्याबरोबर सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाय अर्धा तास बसू देऊ नका, कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. त्यासाठी समोर वैरण टाकली की झालं. सडात औषधाची ट्यूब सोडायची असेल तर आधी कास पूर्ण रिकामी करा, टोक स्पिरिटने पुसा आणि नळीचं टोक जेमतेम 3-4 मिलिमीटर आत घाला. पूर्ण नळी खुपसली तर सडाच्या आतलं संरक्षक अस्तर फाटतं आणि बाहेरचे जंतू आपणच आत ढकलतो.

प्रश्न : गावात सुई द्यायला येणारे सगळ्याच जनावरांना अँटिबायोटिक दहा मिली देतात. एवढं पुरतं का? — ता. परतूर, जि. जालना

उत्तर : वासराला पुरेल, गाईला नाही. अर्धवट मात्रा म्हणजे नाजूक जंतू मारून चिवट जंतू जगवणं.

वजन काढायला साधा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की अंदाजे किलो निघतात. 66 इंच घेर आणि 54 इंच लांबीची गाय साधारण 356 किलोची भरते. 58 आणि 48 ची लहान चणीची गाय 245 किलोच्या आसपास.

आता ऑक्सिटेट्रासायक्लिनचं लाँग ॲक्टिंग इंजेक्शन घ्या, एका मिलीत 200 मिलिग्रॅमवालं. त्याची मात्रा किलोला 20 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोला 1 मिली. पहिल्या गाईला 35 मिली लागेल, दुसरीला 24-25. दहा मिली दिलं तर पहिलीला तिसरा हिस्साही मिळत नाही. एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त टोचू नये, गाठ येते. म्हणजे 35 मिली चार जागी विभागावं लागतं. चार जागी टोचायचा कंटाळा, हेच बरेचदा ‘दहा मिली’चं खरं कारण असतं. वजन वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टर आले की दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात बैलाला अचानक ताप येतो, पाय ओढतो, खाली बसतो. दोन अँटिबायोटिकं दिली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतो. आता दरवेळी तेच देतो. बरोबर ना? — ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : वर्णन तिव्याचं आहे, आणि तिवा असेल तर बैल सुईने उठला नाही. तिवा विषाणूमुळे होतो, डास आणि चिलटं तो पसरवतात, आणि साधारण तीन दिवसांत बहुतेक जनावरं आपोआप सावरतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. श्रेय मात्र तिसऱ्या दिवशी दिलेल्या सुईला जातं, आणि पुढच्या वर्षी गावभर तीच सुई चालते.

तिव्यात लागतं ते विश्रांती, सावली, पाणी, दुखणं व ताप कमी करणारं औषध आणि डॉक्टरांना वाटलं तर कॅल्शियम. वेदनाशामक मेलॉक्सिकॅम असावं. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेल्यावर खाणारी गिधाडं मरतात. सगळ्यात महत्त्वाचं : नळ्याने काढा, गूळपाणी, तेल काहीही पाजू नका. या आजारात गिळण्याची ताकद जाते, पाजलेलं फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. मग मात्र अँटिबायोटिक खरंच लागतं. बैल बसूनच असेल तर दर दोन-तीन तासांनी कूस बदला.

ताप चौथ्या दिवशीही 104 च्या वर असेल, खांद्यापुढची गाठ सुजली असेल, डोळ्याच्या आतला भाग पांढुरका किंवा पिवळा दिसत असेल, तर गोचीडतापाचा संशय घ्या आणि कानातल्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासून घ्या. त्यातल्या थायलेरिया या रक्तातल्या परजीवीला ब्युपारव्हाक्वोन हे औषध लागतं. नेहमीच्या अँटिबायोटिकवर तो आजार हटत नाही. लाळ्या-खुरकूत आणि लम्पी हेही विषाणूचेच. तिथे अँटिबायोटिक फक्त जखमा चिघळल्या तर. उलट घटसर्प आणि फऱ्या हे जंतूंचे, तासातासाने बिघडणारे आजार आहेत. घसा सुजून श्वास घरघरत असेल तर वाट न पाहता 1962 वर फोन करून फिरतं पथक बोलवा. दोन्हींची लस पावसाआधी, मे-जूनमध्ये टोचून घेतली असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

प्रश्न : डेअरीने ‘अँटिबायोटिक लागलं’ म्हणून दूध परत केलं. त्याचा खवा केला तर चालेल का? उकळून औषध जातं का? — ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : नाही. उकळल्याने काही औषधं थोडी कमी होतात, काही जवळजवळ तशीच राहतात. भरवसा कशाचाच नाही. खव्यात तर पाणी उडतं आणि औषध मागे राहतं. साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा, म्हणजे पाच लिटरमधलं औषध त्या एका किलोत. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्याला ते धोक्याचं ठरू शकतं.

‘एकाच गाईचं होतं, कॅनमध्ये मिसळलं तर कळलं कसं?’ असंही तुम्ही विचारलं आहे. पेनिसिलीनची कोडेक्सची (अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची) मर्यादा एक किलो दुधात 4 मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने एक ग्रॅम पेनिसिलीन अडीच लाख लिटर दूध मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. एका गाईचं दूध अख्खा टँकर वाया घालवतं ते असं.

दूध किती दिवस बाजूला ठेवायचं ते औषधाच्या लेबलवर छापलेलं असतं. 2012 च्या नियमाप्रमाणे ते छापणं बंधनकारक आहे, आणि मुदत ठरवून दिलेली नसेल तर दुधासाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी 28 दिवस धरायचे. इथे चुका ठरलेल्या होतात. दिवस पहिल्या सुईपासून मोजले जातात. मोजायचे शेवटच्या सुईपासून. ट्यूब एका सडात सोडली म्हणून बाकीच्या तीन सडांचं दूध डेअरीला जातं. चारही सडांचं वेगळं काढायचं, कारण औषध रक्तातून सगळीकडे जातं. काही औषधांवर ‘शून्य दिवस’ लिहिलेलं असतं, ते लेबलवरच्याच मात्रेला आणि लेबलवरच्याच मार्गाला लागू असतं. मात्रा वाढवली की ते शून्य संपलं.

घरी विरजण लावून बघणं वाईट नाही. त्या गाईच्या आणि दुसऱ्या गाईच्या दुधाला एकाच वेळी, सारखंच विरजण लावा. दुसरीचं लागलं आणि तिचं नाही, तर औषध असण्याची शक्यता मोठी. पण दही लागलं म्हणजे दूध साफ, असं नव्हे. मर्यादेहून जास्त औषध असूनही ते लागू शकतं. दिवस पूर्ण करणं चुकत नाही.

प्रश्न : मग ते दूध वासरांना पाजलं तर? फेकायला जीव होत नाही. — ता. आष्टी, जि. बीड

उत्तर : जीव होणार नाही हे कळतं, पण पाजू नका. वासराच्या आतड्यात त्या थोड्या-थोड्या औषधावर चिवट जंतू निवडून वाढतात आणि शेणातून गोठाभर होतात. मग त्याच वासराला खरोखर हगवण लागली की औषध चालत नाही. तसं पाहिलं तर लहान वासरांच्या पुष्कळ हगवणी विषाणूंच्या किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींच्या असतात. तिथे जीव वाचवतं ते मीठ-साखरेचं, क्षारांचं पाणी: दूध चालू ठेवून दिवसाला दोन ते चार लिटर, थोडं थोडं. आणि जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत दोन-अडीच लिटर चीक.

दूध विहीर, ओढा, पाण्याच्या टाकीपासून लांब खड्ड्यात ओता आणि माती टाका. उपचार चालू असलेल्या जनावराचं शेण ताजं शेतात टाकू नका. उकिरड्यात वेगळा ढीग करा, ओल ठेवा, खालीवर करा. आतून 55 अंश सेल्सिअसच्या वर तापलं की बरेच जंतू मरतात आणि काही औषधंही बऱ्यापैकी नाहीशी होतात.

प्रश्न : म्हैस व्याली, बारा तास झाले तरी वार पडली नाही. हात घालून काढावी आणि आत गोळ्या ठेवाव्यात का? — ता. कंधार, जि. नांदेड

उत्तर : ओढून काढू नका, आत सोडायच्या गोळ्या सवयीने ठेवू नका. ओढताना गर्भाशयाच्या आतलं अस्तर दुखावतं आणि जंतूंना वाट मिळते. लोंबणारा भाग जमिनीला घासत असेल तर तेवढा कापा. दगड, चप्पल बांधू नका. मग थर्मामीटर हातात घ्या: दहा दिवस, सकाळी एकदा, गुदद्वारात दोन मिनिटं. 101 ते 102.5 च्या दरम्यान असेल, खाणं चालू असेल, तर वास येतो एवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही. वार सडून पडताना वास येतोच. 103 च्या वर गेलं, लालसर पातळ घाण स्राव आला, चारा सोडला, तर ते गर्भाशयाचं दुखणं आहे आणि तेव्हा अँटिबायोटिक सुईनेच, पूर्ण मात्रेत, डॉक्टरांनी द्यायचं. साठ-सत्तर रुपयांचा थर्मामीटर बहुतेक गोठ्यांत नसतो, याचं आम्हाला नवल वाटतं.

प्रश्न : मागे राहिलेली अर्धी बाटली किंवा घरातल्या माणसांच्या कॅप्सूल चालतात का? — ता. गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : दोन्ही नाही. मोठ्या जनावराला तोंडाने अँटिबायोटिक दिलं की कोठीपोटातले चारा पचवणारे जंतू मरतात. रवंथ बंद होतो आणि मूळ आजाराच्या जोडीला अपचन येतं. उघडलेली बाटली पत्र्याच्या गोठ्यात एप्रिल-मेच्या उन्हात राहिली तर औषधाचा जोर जातो, आणि पावडरमध्ये पाणी मिसळलेली बाटली तर सांगितल्या वेळेनंतर टाकूनच द्यायची. कोलिस्टिन नाव दिसलं तर हातही लावू नका. 2019 पासून ते दुभत्या आणि मांसाच्या जनावरांसाठी आणि पशुखाद्यात बंद आहे. बाकी अँटिबायोटिकही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच विकायची असतात. चिठ्ठी मिळाली नाही तर निदान रिकामी बाटली मागून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात चार गोष्टी लिहा: गाय, औषध, किती मिली, शेवटची सुई सकाळी की संध्याकाळी. पुढचा डॉक्टर तेच आधी विचारतो.

प्रश्न : कोरफडीचा लेप खरंच चालतो का? — ता. अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : सुरुवातीच्या, ताप नसलेल्या कासदाहात करून पाहण्यासारखा आहे, राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने तो गावोगाव पोचवला आहे. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम मिक्सरमध्ये वाटा, लालसर गोळा होतो. कास पूर्ण पिळून धुवा. मूठभर गोळा 150-200 मिली पाण्यात कालवून पूर्ण कासेला लावा. दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. रोज ताजा करा. जोडीला रोज दोन लिंबं खाऊ घाला. लोक दोनदा लावतात आणि चालला नाही म्हणतात. पण ताप असेल, दूध पाण्यासारखं किंवा रक्ताचं येत असेल, कास गार-निळी पडत असेल, तर लेपावर एक तासही घालवू नका.

प्रश्न : हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून दुभती गाय घेतली. काय पाहायचं? — ता. उदगीर, जि. लातूर

उत्तर : विकणाऱ्याला शेवटची सुई कधी आणि कशाची, ते विचारा, उत्तर मिळालं नाही तर सुई झालीच आहे असं धरून सात दिवस दूध डेअरीला घालू नका. कानातल्या बारा अंकी टॅगवरून लसीची नोंद दवाखान्यात पाहून घ्या. तीन आठवडे वेगळी बांधा, वेगळी बादली, वेगळं फडकं, आणि धार सगळ्यात शेवटी. चारही सडांची सीएमटी, म्हणजे लपलेला कासदाह ओळखायची गोठ्यातली चाचणी, करा: प्रत्येक वाटीत सारखं दूध आणि सारखं द्रावण, गोल फिरवलं की घट्ट जेलीसारखं होणारा सड आतून सुजलेला आहे, वरून दूध पांढरंशुभ्र असलं तरी.